साप जेवत नाही म्हणून त्याला दूध पाजू नका

‘पाळलेला साप आठ दिवस जेवला नाही तर तो वाचत नाही. दूध पाजा, नाहीतर जबडा उघडून घास भरा, तेही जमेना तर रात्री पेटीत जिवंत उंदीर सोडा.’ हा मेसेज सध्या सोलापुरात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. जुळे सोलापुरातल्या ओळखीच्या एका मुलाने तो वाचून आपल्या बॉल पायथनसाठी (हा बिनविषारी विदेशी अजगर) ड्रॉपरमध्ये दूध भरलंही होतं. मी त्याचा हात धरला.

आठ दिवस म्हणजे काहीच नाही. अंग गरम ठेवायला साप आपल्यासारखं अन्न जाळत नाही. मोठ्या बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांतून एकदा खाणं पुरतं आणि धडधाकट असेल तर तो महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळे होतात तेव्हा आणि थंडीत तो बऱ्याचदा तोंड फिरवतो. दिवस मोजण्यापेक्षा दर आठवड्याला काट्यावर वजन करा. ते दहाव्या हिश्श्याहून जास्त घटलं, तोंडाला फेस आला किंवा श्वास वाजू लागला, तर सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. पिल्लाच्या बाबतीत मात्र एवढी वाट बघू नका.

दूध सापाचं अन्नच नाही. नागपंचमीला नाग दूध पितो असं दिसतं, कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानेला ठेवलेलं असतं. ते त्याला पचत नाही, आणि श्वासनळीत गेलं तर फुप्फुस धरतं. जबडा उघडून भरवल्याने दात मोडतात, तोंड सोलवटतं आणि भेदरलेला साप खाल्लेलं ओकतो. ते काम पशुवैद्याचं, तेही अगदी शेवटी. रात्रभर पेटीत सोडलेला उंदीर तर उलट सापालाच कुरतडतो. गोदामात पकडलेला असेल तर त्याने विषही खाल्लेलं असू शकतं.

मेसेजमध्ये पेटीबद्दल एक अक्षर नाही, याचा मला सगळ्यात राग येतो. बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. पेटीचं एक टोक ३१-३२ अंश, दुसरं २५-२७ अंश हवं. पोटाला ऊब नसेल तर अन्न पचत नाही, म्हणून तो खातच नाही. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत आपल्याकडे रात्री चांगल्याच गार होतात, तेव्हा थर्मोस्टॅट (ठरावीक तापमान राखणारं यंत्र) लावलेली हीटिंग मॅट लागते. मे महिन्यात उलट: पत्र्याच्या घरात पारा सहज चाळिशी ओलांडतो, तेव्हा पेटीतला ऊब देणारा दिवा बंद करून पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा.

दुसरं कारण भीती. चारी बाजूंनी काच, लपायला जागा नाही, आणि येणारा-जाणारा हातात घेणार. त्या मुलाला मी पेटीच्या तीन बाजूंनी सोलापुरी चादर लावायला सांगितली (दिव्यापासून लांब), आणि दोन्ही टोकांना अंग जेमतेम मावेल अशी एकेक मातीची कुंडी उपडी घालून, कडेला भोक पाडून ठेवायला लावली. पाच दिवस सापाला कुणी हात लावला नाही. मग सापाच्या अंगाच्या जाडीएवढाच, गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये वितळवून गरम पाण्यात ऊबदार केला, कारण ओठांवरच्या खळग्यांनी या सापाला ऊब कळते. दिवे मालवले आणि लांब चिमट्याने तो कुंडीच्या भोकाशी धरला. पहिल्या रात्री त्याने नुसती जीभ काढली. चार दिवसांनी पुन्हा धरला, तेव्हा झडप घातली.

मेसेजखाली काही जण घरात शिरलेल्या धामणीबद्दल विचारतायत. धामण, नाग, आपला अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तिला खायला घालत बसू नका, वनविभागाला फोन करा.