आधी होज मोजा, मग कारखाना हलवा

२३ मे २०२४ च्या डोंबिवली स्फोटानंतर ‘कारखाने हलवा’ आणि ‘आधी कारखाने होते, घरं नंतर आली’ हा वाद पेटला. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातही (टीटीसी) तोच वाद आहे. नेदरलँड्समधून तो वाचताना खटकतं ते एवढंच, की दोन्ही बाजू आकड्याशिवाय भांडतात.

इथे धोकादायक कारखान्याभोवती नकाशावर रेषा असते. तिच्या आत वर्षभर, चोवीस तास उघड्यावर थांबलेला माणूस अपघातात मरण्याची शक्यता वर्षाला दहा लाखांत एकपेक्षा जास्त. तिथे नवं घर, शाळा, रुग्णालय होत नाही. हे शहाणपणही ठेचकाळूनच आलं : १३ मे २००० रोजी एन्स्खेडे या डच शहरात फटाक्यांचं गोदाम उडालं, २३ माणसं गेली, आणि २००४ साली नियम आला.

आता हिशेब. धोका मोजायच्या डच मार्गदर्शक पुस्तकानुसार, म्हणजे ‘पर्पल बुक’नुसार, दाबाखालची टाकी एकदम फुटण्याची शक्यता वर्षाला ०.५ दशलक्षांश (दशलक्षांश म्हणजे दहा लाखांत एक). टँकर रिकामा करणारा होज, म्हणजे लवचिक नळी, पूर्ण तुटण्याची शक्यता मात्र वापराच्या दर तासाला ४ दशलक्षांश. वर्षात १०० तास अमोनिया उतरवला तर वर्षाला ४०० दशलक्षांश, म्हणजे टाकीच्या ८०० पट! होजऐवजी लोडिंग आर्म (सांध्यांवर वळणारा धातूचा पाइप) बसवला की तेच ३ वर येतं. गळती थांबवायला आपोआप बंद होणाऱ्या व्हॉल्व्हला २ मिनिटं धरतात, हाताने बंद करायच्या व्हॉल्व्हला ३०. मोर्चे मात्र निघतात ते टाकीवर.

अर्थात हे आकडे नियमित तपासणी गृहीत धरतात. घासलेला होज वर्षानुवर्षे चालवणाऱ्या ठिकाणी ते जसेच्या तसे लावणं म्हणजे फसवणूक. शिवाय युरोपात एकाच अमोनिया साठ्याचा हिशेब वेगवेगळ्या गटांना दिला, तर उत्तरांत कित्येक पटींचा फरक आला. असा फरक नको म्हणून इथे सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर सक्तीचं केलं.

टीटीसीत वाराही पाहावा लागेल. दिवसा समुद्रावरचा वारा वायू पारसिकच्या डोंगराकडे ढकलतो. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री डोंगरउतारावरची थंड हवा घणसोली-कोपरखैरणेकडे सरकते, वारा सेकंदाला जेमतेम दीड मीटर, आणि वायूचा ढग विरत नाही. तेव्हा सगळे घरात झोपलेले.

डच रेषा तिथे आज लावली तर किती वस्त्या उठवणार? मला ब्रिटिश पट्टा जास्त व्यवहार्य वाटतो : वर्षाला दहा हजारांत एकच्या वर अजिबात नको, दहा लाखांत एकच्या खाली चालेल, मधल्या भागात परवडेल तेवढा धोका कमी करत राहायचा. नव्या इमारतींना मात्र डच रेषाच हवी.

भारतात पर्यावरण मंजुरीच्या अहवालांत अशी धोक्याची वर्तुळं काढलेली असतात, पण प्रत्येक कारखान्याची वेगळी. मधल्या झोपडपट्टीवर पाच कारखान्यांची बेरीज पडते, आणि ती विकास आराखड्याच्या नकाशावर उतरवावी लागेल. माणसं मोजताना अनधिकृत घरंही धरावी लागतील.