तिकडे काहीही खपतं म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा मामेभावाने ब्रिटिश आर्टिस्ट ट्रेसी एमिनच्या त्या गाजलेल्या पलंगाचा फोटो टाकला आणि खाली मला उद्देशून लिहिलं, तुमच्याकडे ब्रिटनमध्ये काहीही खपतं, आपल्याकडे संस्कृती आहे. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

अरे, इथेही खपलं नव्हतं! ब्रेकअपनंतर दारू पिऊन ही बाई कित्येक दिवस अंथरुणात पडून होती, तेच अंथरूण १९९९ मध्ये तिने लंडनच्या टेट गॅलरीत कलाकृती म्हणून मांडलं, मळक्या चादरी, वोडकाच्या बाटल्या, थोटकं, रक्ताचे डाग पडलेली चड्डी सगळ्यासकट. पेपरवाल्यांनी सोलून काढलं, दोघं तर त्या पलंगावर चढून नाचले, आणि टर्नर प्राइज, इथलं कलेचं मोठं बक्षीस, ज्यासाठी पलंग शर्यतीत होता, ते गेलं स्टीव्ह मॅक्वीन या दुसऱ्या आर्टिस्टला. पण पलंग कोणी जप्त केला नाही. २०१४ ला तो २५ लाख पौंडांच्या वर विकला गेला, पण माझ्यासाठी किंमत हा मुद्दाच नाहीये.

२०१७ ला तो मार्गेटला आला, समुद्रकाठच्या तिच्याच गावात, तेव्हा आई इथे होती म्हणून तिला नेलं. मला वाटलं आई तोंड फिरवेल. ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, अगं ही पोरगी आजारी होती गं, कोणीच नव्हतं का तिच्याजवळ? इतके रिव्ह्यू वाचले मी, हे कुठेच नव्हतं.

मला तिचं सगळंच आवडतं असं नाही, तिची निऑन दिव्यांची अक्षरं मला कोरडी वाटतात. पण २०२० ला कॅन्सरमध्ये मूत्राशय काढल्यावरही ती पेंटिंग करत राहिली, मार्गेटला तरुण आर्टिस्टांसाठी स्टुडिओ काढले, २०२४ ला डेम हा सरकारी किताब मिळाला. शिव्या देणाऱ्यांच्याच देशात तिला साठी गाठता आली, हे मला फार मोठं वाटतं.

आणि आपल्याकडे? गोव्यातल्या साळगावचे चित्रकार एफ. एन. सूझा आणि चित्रकार अकबर पदमसी यांची ७ चित्रं, इथे ब्रिटनमध्ये लिलावात घेतलेली, २०२३ ला मुंबई कस्टमने अश्लील म्हणून अडकवली, ती सोडा असं सांगायला २०२४ च्या ऑक्टोबरात हायकोर्ट लागलं. माझ्या आईला ती बघून काय वाटलं असतं, हे कस्टमचा साहेब कसा ठरवणार? आणि चित्रकार एम. एफ. हुसेन, पंढरपूरला जन्मलेला माणूस, चित्रांवरच्या वादामुळे म्हातारपणी २००६ ला देश सोडावा लागला, २०११ ला लंडनला वारले आणि इथेच सरेमधे ब्रुकवूडला पुरलेत. त्याचा मला अजून राग येतो.