गोरेपणासाठी पारा कसा निवडावा

विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी, सुस्वरूप' ही अपेक्षा आजही शिक्षणाच्या आणि पगाराच्या पंक्तीला बसते, तेव्हा मुहूर्ताच्या दोन-तीन महिने आधीपासून तयारीला लागणे हे ओघानेच आले. या कामी हळद, बेसन आणि साय यांच्या नादी मुळीच लागू नये. त्यांनी अपायही होत नाही आणि गुणही येत नाही. पारा मात्र गुण देतो, हे त्याच्या कट्टर विरोधकांनाही नाकारता येत नाही. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार करण्यासाठी शरीराला टायरोसिनेज नावाचे विकर लागते, आणि पाऱ्याचे क्षार नेमक्या त्या विकराचेच काम अडवतात. इतक्या इमानदार द्रव्याला विष म्हणणे हा कृतघ्नपणा होय.

पारा असलेले गोरेपणाचे क्रीम खरेदी करताना डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, याची खात्री करून घ्यावी. पार्लरमध्ये 'खास बाहेरून मागवलेली आहे, सगळ्यांना देत नाही' असे हळू आवाजात सांगून काढलेली डबी सर्वोत्तम. आपल्याकडील 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती लावायची प्रसाधने सोडल्यास इतरांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून अधिक असता कामा नये. पण एका भागाने कोणाचा रंग उजळला आहे? त्यासाठी हजारो भाग लागतात, आणि ते नियम न वाचणारेच देऊ शकतात. क्वचित एखाद्या डबीवर 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरिक' असे पाऱ्याच्या क्षाराचे नाव छापलेले आढळते, तर काहींवर सोन्याचांदीच्या दागिन्यांना क्रीम लागू देऊ नये, अशी सूचना असते. ती कसोशीने पाळावी आणि अंगठ्या, पाटल्या उतरवूनच क्रीम चोळावे, कारण पारा सोन्याला बाधतो. सोन्याचे आजचे भाव पाहता ही काळजी रास्तच आहे. मूत्रपिंडाला अजून सराफाकडे भाव नाही.

क्रीम एकटीने वापरणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. अकोल्यातील एका घरात मुलगी, आई आणि बहीण अशा तिघींनी एकच क्रीम लावले. 2022 मध्ये तिघींच्याही मूत्रपिंडातील गाळण्यांना सूज आली आणि परळच्या केईएम रुग्णालयाने छडा लावला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. ज्यांना क्रीम लावायचे नाही, अशा घरच्यांनीही नाराज होऊ नये. पारा टॉवेलला आणि उशीच्या अभ्र्याला लागतो, त्याची वाफही होते, त्यामुळे मांडीवरच्या तान्ह्या बाळालाही आपला वाटा मिळतो.

काही आठवड्यांनी पाय सुजतील आणि लघवीला साबणासारखा फेस येईल. लघवीवाटे प्रथिने वाहून जात असल्याची ही खूण आहे, पण आपण ती 'लग्नघरातली दगदग' म्हणून सोडून द्यावी. केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मात्र ती सोडली नाही. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा मूत्रपिंडाचा विकार झालेले 22 रुग्ण आले. त्यांपैकी 15 जणांमध्ये या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरे होण्याची क्रीम लावत असल्याचे निष्पन्न झाले.

म्हणून एक शेवटची खबरदारी. डॉक्टरांनी 'चेहऱ्याला काय लावता?' असे विचारलेच, तर 'काही नाही, घरचे डाळीचे पीठ' असे ठामपणे सांगावे, आणि डबी तर मुळीच दाखवू नये. खरे सांगितलेत तर ते आधी क्रीम बंद करायला लावतील. क्रीम बंद केले की बहुतेकांचे मूत्रपिंड हळूहळू सावरते, आणि त्याच्यामागोमाग चेहऱ्याचा रंगही मूळपदावर येतो. साखरपुडा तोंडावर आलेला असताना इतका मोठा धोका कोणी पत्करावा?