राजाची अडीच घरं

परवाची गोष्ट आहे आणि डोकं अजून थंड झालेलं नाही, म्हणून लिहून टाकतो.

सुरुवात दिवाळीत झाली. भाची अमरावतीहून आली होती, सहावीत आहे, २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं तिकडे जॉर्जियात बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला वर्ल्ड कप मारला तेव्हापासून हिला बुद्धिबळाचा क्लास लागलाय. तिच्याशी एक डाव मांडला. शेवटी माझा राजा आणि एक प्यादं, तिचा नुसता राजा, आणि तरी बरोबरी! कडेचं प्यादं होतं, ती कोपऱ्यात जाऊन बसली, मी प्यादं पुढे सरकवलं तर म्हणते, "मामा, स्टेलमेट. मला शह नाही आणि चालायला घरही नाही, म्हणजे बरोबरी. हे तर पहिल्या लेवलचं आहे." आणि फॅमिली ग्रुपवर फोटो. त्यावर माझ्याच सख्ख्या भावाचा अंगठा.

म्हणून एंडगेमचं, म्हणजे मोहरे संपत आल्यावरच्या शेवटच्या खेळाचं, पुस्तक मागवलं. इंग्रजी आहे पण सोपं आहे, आणि आपापल्या लेवलप्रमाणे धडे आहेत, तुझ्यापुरतं वाच, पुढच्या धड्याला हात लावू नको असा हिशेब. मी अर्थातच तिसऱ्या लेवलपासून सुरू केलं. दोन रात्री डोकं फोडलं आणि तिसऱ्या रात्री बायको झोपल्याची खात्री करून पहिल्या लेवलवर आलो. चाळीशीनंतर माणसानं पहिलीत बसायचं म्हणजे दार लावूनच बसावं लागतं.

पण एक सांगतो, पहिली लेवल फालतू नाही. तिथं ऑपोझिशन आहे. दोन राजे समोरासमोर, मधे एक घर, आणि ज्याची चाल आहे तो मेला, कारण बुद्धिबळात 'मी या खेपेला काही करत नाही' म्हणायची सोय नाही. चाल करावीच लागते. शेती करणाऱ्याला हे पुस्तकातून शिकायची काय गरज म्हणा, कापूस घरी ठेवला तर वजन घटते, व्यापाऱ्याला दिला तर भाव पडते, आणि सरकारी खरेदीत न्यायचा तर.. त्याच्यावर येतोच.

पुढच्या लेवलला हत्तीचा एक डाव आहे, लुसेना म्हणतात त्याला. आता गंमत पहा, लुसेना नावाच्या माणसाचं पुस्तक १४९७ चं, आणि त्यात हा डाव नाहीच. तो सापडतो साल्व्हिओ नावाच्या माणसाच्या १६३४ च्या पुस्तकात. म्हणजे सातबारा एकाच्या नावानं आणि वहिती दुसऱ्याची. आमच्या इकडे यावर तीन पिढ्या कोर्टात जातात.

तर परवा कापूस घेऊन तालुक्याच्या जिनिंगवर गेलो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला ८११० रुपये, खाजगीत सात हजारांच्या आसपास, म्हणून सगळा तालुका तिथंच. ॲपवर स्लॉट बुक केलेला, वेळ सकाळी दहाची, आणि गेटवर माझ्यापुढे ३७ गाड्या. मग स्लॉट कशाचा होता? कोणाला विचारायचं? गेटवरचा पोरगा खर्रा घोटत होता, त्यानं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही.

म्हटलं चला, वेळ आहे तर अभ्यास करू. पिकअपच्या फाळक्यावर माझा फोल्डिंगचा चुंबकवाला पट मांडला, नागपूरला बर्डीच्या फूटपाथवर घेतलेला. त्यातलं एक पांढरं प्यादं हरवलंय, म्हणून त्याच्या जागी गाडीतल्या बोंडातलीच एक सरकी ठेवली, थोडा कापूस चिकटलेली. पांढरा राजा सी फाइलवर, म्हणजे तिसऱ्या उभ्या पट्टीवर, सहाव्या ओळीत, त्याच्यामागे पाचवीत ही सरकी, काळा राजा समोर आठवीत. या पोझिशनला चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतोच.

मागच्या बैलगाडीतून एक बाबाजी उतरून आले. धोतर, कानाला मफलर, सत्तरीच्या पुढचे असतील. पाच मिनिटं नुसतेच पाहत उभे.

"काय वाचून राह्यला बापू?"

"बुद्धिबळ, बाबाजी."

"ते वाचाची गोष्ट हाये का खेळाची?"

मला राग नाही आला. उलट बरं वाटलं, गिऱ्हाईक मिळालं. म्हटलं, बसा, तुम्ही काळे, तुमची चाल, पाहू कसं वाचवता.

बाबाजींनी राजा उचलला आणि उडी मारून थेट ई फाइलवर नेऊन ठेवला.

"बाबाजी, राजा एकच घर चालते."

"एक डाव घोड्यासारखा उडते ना. शह बसला नसंन तर. अडीच घरं. तुह्या पुस्तकात नाई का?"

नाही हो, माझ्या पुस्तकात नाही! हा आपला जुना हिंदुस्थानी नियम, मला आठवला, माझे आजोबाही खेळायचे. पण चारशे पानांच्या पुस्तकात ऑपोझिशनचे बारकावे शिकवून ठेवलेत आणि इथं समोरचा राजा तोंड फिरवून उडी मारून मोकळा. तोवर आजूबाजूच्या गाड्यांचे पाच-सहा जण जमले आणि सगळे बाबाजींच्या बाजूनं, कारण मी इंग्रजी पुस्तक घेऊन बसलेलो. मी आवाज चढवून सांगायला लागलो की हा खेळ साधा नाही, १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला गुकेश वर्ल्ड चॅम्पियन झाला तो अशाच डावावर, चौदाव्या गेममध्ये चीनच्या डिंग लिरेननं पंचावन्नावी चाल हत्तीची चुकीची केली, हत्ती गेले, उंट गेले, राजे आणि प्यादी उरली आणि खेळ खतम.

बाबाजींनी शांतपणे ऐकलं.

"मंग त्या चिन्यानं राजा काऊन नाई उडवला?"

"त्यांच्यात नाही तसं."

"शह बसला असंन पयलेच," बाबाजी जमलेल्या लोकांना म्हणाले, आणि लोकांना ते पटलं.

तरी मी हरलो नाही, हे नोंदवून ठेवा. उडी मारून बाबाजींचा राजा गेला लांब, मी माझा राजा बाजूला काढून प्यादं सरळ पळवलं. सहावं घर, सातवं घर, आठवं. सरकी शेवटच्या ओळीत ठेवली आणि म्हटलं, "वजीर!"

"काहाचा वजीर? ते उंटाचं घर हाये. उंटाच्या घरी पोचलं तं उंट होते."

आता यात वाईट काय सांगू, ज्या घरी पोचलं त्या घरचा मोहरा हाही खराच जुना नियम आहे. आणि एकट्या उंटानं मात होत नाही हे त्याच पुस्तकात, त्याच पहिल्या लेवलला लिहिलंय. म्हणजे माझंच पुस्तक माझ्याच विरोधात साक्षीला.

"झाली बुर्जी," कोणीतरी मागून बोललं. बरोबरी. पुन्हा.

मी म्हटलं, नाही, मला मंजूर नाही, आणि ती सरकी परत उचलायला गेलो. पण बाबाजींनी ती आधीच उचलली होती. माझा वजीर, किंवा उंट, जे काय असेल ते, त्यांनी दोन बोटांत फिरवला, कापूस सोलून बाजूला केला आणि सरळ दाढेखाली धरला. कच्च. हळू दबला. मग थुंकले.

"ओली हाये तुही सरकी. कडक वाजली पायजे. तुहा कापूस वापस येते पाय."

मी काही बोललो नाही. बोलायचं काय? एवढ्यात पुढच्या गाड्या हलल्या होत्या, आम्ही भांडत होतो आणि मधल्या जागेत दोन ट्रॅक्टर घुसले, त्यातल्या एकावरचा माणूस तर दहा मिनिटं आमच्याच पटाशी उभा राहून 'बुर्जी' म्हणत होता.

नंबर आला साडेचारला. ओलावा मोजायचं मशीन कापसात खुपसलं, आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कटती, त्याच्यावर घेत नाहीत. माझा आला तेरा. मी म्हटलं साहेब, दुसऱ्या बाजूनं लावा. दुसऱ्या बाजूनंही तेरा. सकाळी दहाला घेतला असता तर काय आला असता ते त्यांनाही माहीत आणि मलाही, दिवसभर उघड्यावर धुळीत उभं ठेवायचं, आणि वरून उद्या वाळवून आणा म्हणायचं, आणि पिकअपचं भाडं काय तुमचा काका देणार आहे का? हे शेवटचं मी मनात म्हटलं. उद्या परत तिथंच जायचं होतं.

बाबाजींचा आला नऊ. जाताना बैलाचा कासरा धरून माझ्याकडे पाहून हसलेसुद्धा नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं.

रात्री भाचीचा फोन. तिला कोणी सांगितलं देव जाणे.

"मामा, खरंच कोणाशी खेळलास? काय झालं?"

"बरोबरी."

"त्यांचं रेटिंग किती होतं?"

"नऊ," म्हटलं. "माझं तेरा आलं, म्हणून वापस पाठवलं."