टाइप १ मधुमेहाची ‘लस’ आलेली नाही

‘मुलांना टाइप १ मधुमेह होऊ नये म्हणून लस आली, घरात कुणाला नसेल तर तपासणीचीही गरज नाही’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

मेसेजमध्ये ज्याला लस म्हटलंय ते टेप्लिझुमॅब हे औषध आहे, लस नाही. ते सलग १४ दिवस शिरेतून देतात. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती आजाराच्या दुसऱ्या टप्प्यासाठी, म्हणजे रक्तात किमान दोन ऑटोअँटिबॉडी (स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं) सापडल्यात, साखर किंचित बिघडलीय, पण लक्षणं नाहीत. चाचणीत आजार सुरू होणं सुमारे दोन वर्षं लांबलं, टळलं नाही. तरी ही दोन वर्षं किती मोलाची, हे रात्री उठून लेकराचं बोट टोचून साखर बघणाऱ्या आईला विचारा.

दुसरा दावा तर जास्तच घातक. नव्याने निदान होणाऱ्या दहापैकी जवळपास नऊ जणांच्या जवळच्या नात्यात हा आजार नसतो. तपासणीतून आधी कळलेलं असलं की सारखी तहान, लघवी, उतरणारं वजन याकडे दुर्लक्ष होत नाही. मूल किटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल वाढणं) होऊन थेट आयसीयूत जाण्याचा धोका कमी होतो.

आणि ज्यांचं इन्सुलिन चालू आहे, त्यांनी हा मेसेज वाचून ते अजिबात थांबवू नये.