कुकर लावणे ही मदत नव्हे

गेल्या जूनपासून आमच्याकडे संध्याकाळचा कुकर लावण्याचे काम अकरा वर्षांच्या मुलाकडे आहे. डाळ-तांदूळ किती घ्यायचे, पाणी किती घालायचे, शिट्ट्या मोजून गॅस केव्हा बंद करायचा, आणि तांदळाचा डबा तळाला गेला की किराणाच्या यादीत ते लिहायचे, हे सगळे त्यात आले. मोठे कोणीतरी घरात असते, पण काम त्याचेच असते.

मुलांच्या घरकामाविषयी बोलताना आपण 'आईला मदत' असे सहज म्हणून जातो आणि माझ्या मते घोटाळा तिथेच होतो. मदत करणाऱ्याला काम आठवावे लागत नाही. आठवण्याचे ओझे सांगणाऱ्याच्याच डोक्यावर राहते. 'ताट उचल', 'पाणी भर' असे दिवसातून दहा वेळा सांगितले तर मुलाचे हात हलतात, पण घरात काय हवे-नको ते बघण्याची नजर त्याला येत नाही.

ऑगस्टमध्ये एके दिवशी तो कुकरच्या तळाशी पाणी घालायलाच विसरला. करपल्याचा वास सुटला, तळ काळा पडला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला. त्या रात्री आम्ही भाताशिवाय जेवलो. माझ्या तोंडावर आले होते की, "राहू दे, उद्यापासून मीच लावते." ते गिळायला मला फार कष्ट पडले, हे प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या दिवशी तो बाबांबरोबर भांड्यांच्या दुकानात जाऊन नवा व्हॉल्व्ह घेऊन आला आणि दोघांनी मिळून तो बसवला. तेव्हापासून झाकण लावण्यापूर्वी तो कुकर किंचित हलवून तळातल्या पाण्याचा आवाज ऐकतो. हे मी त्याला शिकवलेले नाही.

"मुलाला कशाला स्वयंपाकघरात?" असे सासूबाईंनी सुरुवातीला काळजीने विचारले होते. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटे. आणि घरकामाला हातच न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेलेही नाहीत. ही दरी लग्नानंतर अचानक पडत नाही, ती दहाव्या-बाराव्या वर्षी कोणाला हाक मारली जाते त्यावरून पडत जाते, असे मला वाटते.

'अभ्यासाचे काय?' हा प्रश्न तर सगळेच विचारतात. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांचे काम हेच शिक्षणाचे माध्यम असावे असा विचार मांडला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. आपल्याच महाराष्ट्रात रुजलेला हा विचार आपण शिकवणीच्या वेळापत्रकापुढे इतका सहज विसरलो, याचे मला मनापासून वाईट वाटते. चार माणसांसाठी डाळ-तांदळाचे माप ठरवणारा, पाहुणे आले की ते वाढवणारा मुलगा त्या वेळी गणितच करत असतो.

आमच्या मोठ्या मुलीकडे वाळलेले कपडे काढून घड्या करण्याचे काम आहे. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात दोघांनी आपसात ठरवले की तिने चार दिवस कुकर लावायचा आणि त्याने पुढचे दोन रविवार घड्या करायच्या. ठरल्यावर त्यांनी मला फक्त कळवले.