एकट्या पोराला कोण पाठवतं?

घरच्या ग्रुपवर दादाने व्हिडिओ टाकला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर डोव्हरजवळ खचाखच भरलेली रबरी बोट, आणि खाली त्याचा प्रश्न: 'चौदा वर्षांच्या पोराला एकटं धाडणारे हे कसले आईबाप? आणि यांना पोसायचं कोणी?' पाठोपाठ पंधरा अंगठे. मी अठरा वर्षं तिथेच, केंट परगण्यात राहते. ते अंगठे मला झोंबले.

दादा, असे आईबाप १९३८-३९ मध्येही होते. बर्लिन, व्हिएन्ना, प्रागच्या स्टेशनांवर मुलांच्या गळ्यात नंबर अडकवून त्यांनी गाडी सुटू दिली. किंडरट्रान्सपोर्टने, म्हणजे नाझींपासून मुलांना, बहुतेक ज्यू, वाचवायच्या मोहिमेने, सुमारे १०,००० मुलं ब्रिटनला आली. मुलांना प्रवेश होता, आईबापांना नव्हता. अनेकांना ते पुन्हा दिसलेच नाहीत. प्रागहून सहा वर्षांचा आलेला आल्फ डब्ज पुढे लॉर्ड झाला. युरोपात अडकलेल्या एकट्या मुलांना आणायची तरतूद २०१६ साली त्यानेच कायद्यात घालून घेतली. त्याने ३,००० मुलांसाठी जागा मागितली होती. सरकार ४८० वर थांबलं.

आणि लांब कशाला, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. ते आपण छाती फुगवून सांगतो. मग या पोरांच्याच आईबापांची उलटतपासणी का?

इथे एकटं मूल उतरलं की त्याची जबाबदारी कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक प्रशासनावर येते. सोशल वर्कर, फॉस्टर घर, शाळा. मेहेरबानी म्हणून नव्हे, १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमुळे. हे मी ग्रुपवर तोऱ्यात लिहिलं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीसुद्धा केलेली नाही, हेही सुनावलं.

पुढचं लिहिलं नाही. २०२१ पासून होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, अशी ४,००० हून जास्त मुलं हॉटेलांत ठेवली. त्यांतली शेकडो नाहीशी झाली, काहींचा पत्ताच लागला नाही. २०२३ मध्ये हायकोर्टाने हा प्रकार बेकायदा ठरवला. त्याच वर्षी केंटमधल्या नोंदणी केंद्राच्या भिंतीवरची मिकी माऊसची चित्रं मंत्र्याच्या हुकमावरून रंग फासून झाकली. मुलांचं फारच स्वागत होतंय असं वाटत होतं म्हणे. त्या दिवशी मी रडले होते.

आणि तरी. आमच्या रस्त्यावर अशा सहा मुलांसाठी घर होणार होतं. शेजारीण विरोधाचा कागद घेऊन दारात आली. 'अवर स्ट्रीट', ती म्हणाली. इंग्रजीत 'आमचा' आणि 'आपला' यांना एकच शब्द. मी 'आपला' ऐकला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला त्यात धरलं होतं. मी सही केली.

ते घर इथे झालं नाही. दादाला मी हे अजून सांगितलेलं नाही.